जुन्या अमेरिकन पिक्चरमध्ये सारखा दिसणारा हा चष्मेवाला ‘वसुलीवाला’ कोण?

कृष्णाकाठ_७७ (सांगली):

मंडळी, एक प्रश्न आठवडाभर डोकं खातोय. आण्णांच्या म्हणजे वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना घरातच आहेत. मालिकांना शिव्या घालून झाल्या, पेपर मागून पुढून तीनदा वाचून झाला, शेवटी मावसभावानं एक पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात निघाले सगळे जुने अमेरिकन ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, तीस-चाळीसच्या दशकातले. आण्णांचं इंग्रजी म्हणजे फॉर्म भरण्यापुरतं, मला वाटलं दहा मिनिटात घोरायला लागतील. तर कसलं काय, रोज जेवण झालं की “लाव रे” म्हणून पाय स्टुलावर टाकून तयार आणि मी शेजारी बसून मराठीत सांगायचं काय चाललंय ते, निम्मं मलाही कळत नाही तिथं मी आपलं ठोकून देतो.

तर तिसऱ्या का चौथ्या पिक्चरला आण्णा एकदम म्हणाले, “ह्यो परत आला बघ.” मी म्हटलं कोण? तर एक किडकिडीत माणूस, लांब नाक, चष्मा, ओठ घट्ट मिटलेले, आत्ताच कुणीतरी याच्या पायावर पाय दिलाय असं तोंड. हातात बहुतेक कागद नाहीतर फाईल. येतो, दोन मिनिटं खेकसतो, जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा पिक्चर, हा परत हजर! कधी पत्रकार, कधी वकील, कधी हॉटेलचा कारकून. आण्णांनी त्याचं नाव ठेवलंय वसुलीवाला.

इथं सांगायला पाहिजे की आण्णा स्वतः एका कर्ज देणाऱ्या सोसायटीत तीस वर्षं वसुलीला होते. आधी सायकलवर आणि मग लूनावर, तासगाव बाजूची सगळी गावं पालथी घातलेली. लांबून लूनाचा आवाज आला की लोक मळ्यात जायचे. त्यामुळं हा माणूस दिसला की आण्णा सरसावून बसतात, हिरो-हिरॉइन गेले उडत.

कळस झाला तो ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ला. त्यात हा गावच्या सावकाराचा भाडेवसुली करणारा माणूस आहे. मालकापुढं उभा राहून सांगतो की पंधरा वर्षांपूर्वी तिकडं जुनं स्मशान आणि रान होतं, मी स्वतः तिथं ससे मारायला जायचो, आता बघा कशी टुमदार घरं झालीत आणि त्यातले शंभरात नव्वद लोक आधी तुम्हाला भाडं देत होते. मी हे मराठीत सांगितलं तर आण्णा म्हणाले, “विश्रामबागचंच सांगालाय की.” (विश्रामबाग म्हणजे आमच्या सांगलीतलाच भाग.)

तर याचं नाव काय? आणि एकच माणूस इतक्या पिक्चरमध्ये कसा काय, मालकाचा जावई होता का? आणि तिसरं म्हणजे जन्मभर असं दोन-दोन मिनिटं येऊन जाण्याला करिअर म्हणायचं का, हे आपलं माझं कुतूहल.

---

पेठनाका_पॅसेंजर:

भावा नाव चार्ल्स लेन. मी सर्च करून बघितलं, डायरेक्टर पण होता की, १९८९ ला ‘साइडवॉक स्टोरीज’ नावाचा मूकपट काढलाय, ब्लॅक अँड व्हाइट. भारीच की, म्हातारपणी डायरेक्शन.

---

अजिंक्यतारा_आबा (सातारा):

पॅसेंजर, गाडी चुकली तुमची. साइडवॉक स्टोरीजवाला चार्ल्स लेन वेगळा, तो नंतरच्या पिढीतला कृष्णवर्णीय दिग्दर्शक. त्याचा पिक्चर जरूर बघा, चांगला आहे, पण आण्णांचा वसुलीवाला तो नव्हे. नाव मात्र तुम्ही बरोबर सांगितलंत. आणि गंमत म्हणजे हे त्याचं खरं नावच नाही. चार्ल्स गर्स्टल लेव्हिसन, जन्म २६ जानेवारी १९०५, सॅन फ्रान्सिस्को. १९०६ च्या एप्रिलमध्ये तिथं मोठा भूकंप झाला, अर्ध्याहून जास्त शहर पडलं आणि जळालं, त्यातून वाचलेलं हे सव्वा वर्षाचं पोर. आणि वारला कधी, तर ९ जुलै २००७ ला, वयाच्या १०२ व्या वर्षी. म्हणजे त्या भूकंपातून वाचलेल्यांपैकी जी शेवटची थोडी माणसं राहिली होती त्यात हा एक.

मी रिटायर माणूस, सकाळी किल्ल्याची चढण आणि दुपारी जुने पिक्चर एवढाच उद्योग आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

हा आधी इन्शुरन्स विकायचा. मग कुणीतरी म्हणालं तू स्टेजवर ये, म्हणून पॅसाडीना प्लेहाउस नावाच्या नाट्यसंस्थेत गेला. १९२९-३० च्या सुमारास पिक्चर बोलायला लागलेले, हॉलीवूडला एकदम नाटकवाल्यांची गरज पडली कारण मूकपटातल्या कितीतरी लोकांना धड बोलता येईना. १९३१ ला वॉर्नर ब्रदर्सच्या ‘स्मार्ट मनी’मध्ये हा दिसतो, रोल काय तर हॉटेलचा कारकून. म्हणजे सुरुवातच काउंटरच्या पलीकडून झाली आणि पुढं सत्तर वर्षांत फारसा अलीकडं आलाच नाही!

एकच माणूस इतक्या पिक्चरमध्ये कसा, त्याचं उत्तर त्या काळच्या धंद्यात आहे. स्टुडिओ म्हणजे साखर कारखानाच समजा. सीझनभर गाळप. पिक्चर त्यांचे, थिएटरं बरीचशी त्यांचीच, आणि आठवड्याला प्रोग्रॅम बदलायचा म्हटल्यावर माल लागणारच. आपल्याकडं प्रभातमध्ये नट, सुतार, पेंटर सगळे पगारावर असायचे, त्याचाच शंभरपट मोठा अवतार. हिरोचं शूटिंग दोन महिने चालायचं, पण लेनसारख्याचं काम एका दिवसाचं. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला रोजचे ३५ डॉलर मिळायचे त्याला. एका सेटवर सकाळी दोन वाक्यं बोलायची, कोट तोच, चष्मा तोच, लगेच शेजारच्या सेटवर. एकट्या १९३३ सालात तेवीस पिक्चर! ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’मध्ये पण आहे, टायटलमध्ये नाव सुद्धा नाही. त्यानंच नंतर सांगितलंय की मी पिक्चर बघायला जायचो आणि पडद्यावर अचानक मीच यायचो, हे काम कधी केलं ते मला आठवायचंच नाही.

एकूण आकडा म्हणाल तर अडीचशेच्या वर पिक्चर आणि टीव्हीचे शेकड्यानं एपिसोड.

जावई-बिवई नव्हता. पण दिग्दर्शक फ्रँक काप्रा त्याला सोडायचा नाही, दहाएक पिक्चरमध्ये घेतलाय. ‘मिस्टर डीड्स’मध्ये लबाड वकील, ‘मिस्टर स्मिथ’मध्ये पत्रकार. आणि १९३८ चा ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ पेनड्राइव्हमध्ये असेल तर आण्णांना आधी तोच लावा. एक आजोबा आहेत, ज्यांनी आयुष्यात इन्कम टॅक्स भरलेला नाही आणि लेन त्यांच्याकडं टॅक्स मागायला येतो. आजोबा विचारतात, मी पैसे दिले तर सरकार मला त्याचं काय देणार? आता सरकारी माणूस याला काय उत्तर देणार! तो चिडतो, ओरडतो आणि जेवढा ओरडतो तेवढा लहान दिसत जातो. तो सीन मी वीस वेळा तरी बघितलाय.

---

मिरजवाली_तंबोरा:

आबा मस्तच लिहिलंय. मी गेली बारा वर्षं हौशी नाटक करतेय, राज्य नाट्य स्पर्धेला सांगली केंद्रावर दरवर्षी उभी असते आणि दरवर्षी मी शेजारीण. यंदाचा अपवाद, यंदा नर्स होते. त्यामुळं कृष्णाकाठच्या तिसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंच आहे.

दोन मिनिटांचा रोल सोपा असतो असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावा. हिरोला पहिल्या अंकात गडबड झाली तर दुसरा अंक असतो, तिसरा असतो. आमचं काय, एन्ट्री, चार वाक्यं, एक्झिट, जे काय ते त्यातच. आणि त्या चार वाक्यांत ही बाई कोण, कुठल्या वाड्यातली, घरात काय शिजलंय, सगळं लोकांना कळलं पाहिजे. तमाशात गवळणीला मावशी आली की ती तोंड उघडायच्या आधीच पब्लिक हसायला तयार असतं बघा, तिची ओळख करून द्यावी लागत नाही. लेनचं तसंच झालं असणार. दारात तो उभा राहिला की लोकांना कळायचं, आता हा पैसे मागणार नाहीतर नियम सांगणार. दिग्दर्शकाची पाच मिनिटं वाचली.

पण आबा हे चांगलं झालं का त्याच्यासाठी? मला तर गणपत पाटील आठवले. नाच्याची भूमिका त्यांनी अशी केली की “आत्ता गं बया” म्हटलं की अख्खा महाराष्ट्र हसायचा, आणि नंतर लोकांना त्यांच्यात दुसरं काही दिसेचना. घरसंसार असलेला माणूस, पण लोक तशाच नजरेनं बघायचे, त्याचा त्रास घरच्यांनाही झाला. लेनचं निदान खेकसण्यावर भागलं. शिक्का मारून घ्यायचा की काम नाही म्हणून घरी बसायचं, आम्हा छोट्या रोलवाल्यांपुढं एवढे दोनच रस्ते असतात की काय असं कधी कधी वाटतं.

---

कट्टर_पब्लिक:

सगळं खरं, पण अडीचशे पिक्चर करून नाव कुणाला माहीत नाही, मग काय उपयोग? आपल्याकडं जगदीश राज होते, १४४ पिक्चरमध्ये पोलीस, गिनीज बुकात नाव. निदान रेकॉर्ड तरी झालं. या लेनला ऑस्कर-बिस्कर? नसेल तर मग माझ्या मते तो हमालच. राग मानू नका.

---

अजिंक्यतारा_आबा (सातारा):

राग कसला. ऑस्कर नाही मिळालं, नॉमिनेशनही नाही. सहायक नटाचं ऑस्कर द्यायलाच त्यांनी १९३६ सालच्या पिक्चरपासून सुरुवात केली, आणि ते मिळालं वॉल्टर ब्रेननला, ज्यानं पुढं चार वर्षांत आणखी दोन घेतले. पण ब्रेननचे रोल तरी बरे मोठे असायचे. लेनच्या मापाचा रोल कोण मोजणार.

आणि हमाल म्हणालात ते अगदीच चूक नाही हो, फक्त त्यात कमीपणा काय आहे ते मला कळलं नाही. हमालांनी पण पंचायत उभी केलीच की. १९३३ च्या मार्चमध्ये मंदी इतकी टोकाला गेली की तिथं देशभर बँका बंद ठेवायची पाळी आली, आणि स्टुडिओवाल्यांनी ते निमित्त धरून पगारात निम्म्यापर्यंत कपात केली. कामाच्या तासाला तर आधीपासूनच धरबंध नव्हता, रात्र रात्र शूटिंग आणि सकाळी परत मेकअपला हजर. त्यातून त्याच वर्षी नटांची युनियन उभी राहिली, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड. लेन तिच्या अगदी पहिल्या मेंबरांपैकी. ज्या साली तेवीस पिक्चर केले त्याच साली युनियनमध्ये नाव घातलं, काम जाईल ही भीती असताना. पडद्यावर जन्मभर मालकाची बाजू मांडणारा माणूस आणि बाहेर हा उद्योग!

मिरजवाली ताई, तुमचा प्रश्न अवघड आहे. लेन स्वतः खूश नव्हता त्या शिक्क्यावर. एखादं काम चांगलं झालं, पिक्चरही चालला, की झालं, पुन्हा तुम्हाला तेच देणार, असं तो वैतागून, जरा शिवी घालूनच सांगायचा. हे त्याच्या तोंडून आलंय म्हणून सांगतो, नाहीतर आपण चाहते लोक दुसऱ्याच्या पिंजऱ्याचं फार कौतुक करतो. पण काम त्यानं सोडलं नाही. मधे युद्धात कोस्ट गार्डला गेला, परत आला, आणि लगेच परत सावकाराच्या शेजारी उभा, १९४६ चा तो ससेवाला सीन तेव्हाचाच.

त्या सीनबद्दल एक, कारण कृष्णाकाठनं विषय काढलाच आहे. परत लावाल तेव्हा नीट ऐका. मालकासमोर हा माणूस शत्रूनं, म्हणजे हिरो जॉर्ज बेलीनं, उभ्या केलेल्या घरांचं कौतुक करतोय. आणि जाता जाता म्हणतो की एक दिवस मलाच त्या जॉर्ज बेलीकडं नोकरी मागायला जावं लागेल. एवढा एक मिनिटाचा रोल, पण त्याला स्वतःचं मत आहे, गावाची आठवण आहे. दुसऱ्या कुणी ते नुसतं रिपोर्ट वाचल्यासारखं म्हटलं असतं.

पुढं १९४८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं स्टुडिओंना थिएटरं सोडायला लावली, टीव्ही आला, गाळप कमी झालं. बरेच जण घरी बसले. लेन टीव्हीवर गेला. ल्युसिल बॉल ही विनोदी नटी त्याची जुनी ओळखीची, तिच्या ‘आय लव्ह ल्युसी’ मालिकेत १९ जानेवारी १९५३ ला बाळंतपणाचा एपिसोड लागला, त्यात हॉस्पिटलच्या वेटिंगरूममध्ये बसलेला, आधीच सहा मुली असलेला तो बाप म्हणजे हाच. साडेचार कोटीच्या आसपास लोकांनी बघितला तो एपिसोड. दुसऱ्या दिवशी नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी टीव्हीवर होता, त्याला तीन कोटीही जमले नाहीत. मग साठच्या दशकात ‘पेटिकोट जंक्शन’ नावाची मालिका, त्यात होमर बेडलो, रेल्वेचा साहेब, ज्याचा एकच ध्यास की गावातली ती छोटी जुनी गाडी बंद पाडायची.

जाता जाता साताऱ्याची फुशारकी मारतो. आमच्या खटाव तालुक्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचे राजा गोसावी, ‘लाखाची गोष्ट’ लागला तेव्हा पुण्याच्या भानुविलासच्या बुकिंग खिडकीत बसून स्वतःच्याच पिक्चरची तिकिटं विकत होते. हिरो! त्यामुळं काउंटरच्या पलीकडचा माणूस म्हणून कुणाला कमी लेखू नका, कट्टरराव.

---

कट्टर_पब्लिक:

बरं बाबा हरलो. पण घरी कसा होता माणूस? बाहेर एवढा कडू म्हणजे घरात पण तसाच असणार, बायको कशी टिकली?

---

अजिंक्यतारा_आबा (सातारा):

१९३१ ला लग्न केलं, बायको २००२ ला गेली. काढा हिशोब. आणि ओळखणारे सगळे म्हणायचे माणूस गमत्या होता. नव्वदीला एका टीव्हीपटात काम केलं, ते १९९५ साल. २००५ मध्ये शंभरी झाली म्हणून एका टीव्ही अवॉर्डच्या कार्यक्रमात बोलावून सत्कार केला, सगळं सभागृह उठून उभं. हा काय म्हणाला माहीत आहे? कुणाला गरज असेल तर सांगा, मी अजून मोकळाच आहे कामाला.

---

मिरजवाली_तंबोरा:

हे वाक्य मी प्रिंट काढून मेकअपच्या आरशाला चिकटवणार. यंदा परत शेजारीण दिली तरी बघू.

---

कृष्णाकाठ_७७ (सांगली):

सगळ्यांचे आभार, विशेष करून आबांचे. काल रात्री हा सगळा धागा आण्णांना वाचून दाखवला. टॅक्सवाला पिक्चर निघाला पेनड्राइव्हमध्ये, तो लावला. आण्णा हसतील असं वाटलेलं पण ते फार लक्ष देऊन बघत होते. म्हातारा तो प्रश्न विचारतो ना, सरकार काय देणार म्हणून, तिथं पॉज करायला लावलं. म्हणाले, “मला बी हेच विचारायचे. लई लोक. तू कर्ज घेतलंस म्हणून सांगायचं नसतंय तिथं, गप बसायचं. ह्यो चिडतोय तिथंच चुकलं त्येचं.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “कागद मात्र बरोबर धरलाय. नवीन माणूस असला की कागद पुढं करतोय, जुना माणूस छातीशी धरतोय.” मी तो सीन परत बघितला, आणि खरंच.

ससेवाला सीन पण परत बघितला. ते नोकरी मागायला जाईनचं वाक्य मी पहिल्यांदा भाषांतरात गाळलेलं, मलाच कळलं नव्हतं. सांगितल्यावर आण्णा काही बोलले नाहीत, नुसतं हं केलं.

आता आबांना एक शेवटचा प्रश्न आहे, हा माझा नाही, आण्णांचा आहे आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा पिक्चर लावू देत नाहीत. एवढी वर्षं रोजंदारीवर काम केलं, तर त्याला पेन्शन होती काय?

---

अजिंक्यतारा_आबा (सातारा):

आण्णांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न विचारावा तर असा. १९६० मध्ये त्याच युनियननं संप केला, तेव्हा अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, तेच जे पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या संपातून मेंबरांसाठी पेन्शन आणि दवाखान्याच्या खर्चाचा फंड पदरात पडला. त्याबदल्यात १९६० च्या आधीचे पिक्चर टीव्हीवर दाखवले तर त्याच्या पैशांवरचा हक्क मात्र सोडावा लागला, त्यावरून बरेच जुने नट शेवटपर्यंत नाराज होते.

---

कृष्णाकाठ_७७ (सांगली):

सांगितलं. “म्हंजे जुनी बाकी बुडालीच की,” म्हणाले. मग म्हणाले लाव पुढचा.